युनियनची नोंदणी, मान्यता आणि रास्त पगार : कागद कसे तयार करायचे

गेटवर फलक लागला, नारळ फुटला, निबंधकाचं प्रमाणपत्र फ्रेम होऊन भिंतीवर गेलं, की आता कंपनी आपल्याशी बोलायला बांधील झाली, असा समज चाकणपासून बुटीबोरीपर्यंत सगळीकडे आढळतो. प्रत्यक्षात नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी. नोंदणी झाली की संघटनेला कायद्याच्या नजरेत स्वतःचं अस्तित्व मिळतं. तिच्या नावाने बँकेत खातं उघडतं, मालमत्ता घेता येते, दावा लावता येतो. पण पगाराच्या करारावर सगळ्या कामगारांच्या वतीने सही करण्याचा अधिकार मान्यतेतून येतो. १९२६ च्या श्रमिक संघ कायद्यात मालकावर मान्यतेची सक्ती नव्हती. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर झाली, पण ती कधी अमलातच आणली गेली नाही.

या फरकाची किंमत मुंबईने मोजली आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखालचा ‘प्रातिनिधिक संघ’, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार असलेली संघटना, मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघच होता. माणसं एकीकडे आणि कायदेशीर अधिकार दुसरीकडे, अशी ती कोंडी होती.

आधी कायदा कोणता, ते ठरवा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. या विषयाशी त्यांतल्या दोघींचा थेट संबंध येतो. औद्योगिक संबंध संहिता २०२० ने श्रमिक संघ कायदा १९२६, स्थायी आदेश कायदा १९४६ आणि औद्योगिक विवाद कायदा १९४७ यांची जागा घेतली. वेतन संहिता २०१९ मध्ये वेतन प्रदान (१९३६), किमान वेतन (१९४८), बोनस (१९६५) आणि समान वेतन (१९७६) हे चार कायदे आले. कागदांवर कलमं लिहिताना हे ध्यानात ठेवा. जुन्या छापील नमुन्यावर १९४८ चं कलम टाकून दिलेला अर्ज परत येण्यात आठवडे जातात.

महाराष्ट्रात याशिवाय राज्याचा स्वतःचा कायदा आहे: कामगार संघांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा १९७१ चा अधिनियम. बोलताना सगळे ‘एमआरटीयू’ किंवा ‘पल्प’ म्हणतात. ज्या उद्योगांसाठी राज्य सरकार हे समुचित शासन (कामगार कायद्यांसाठी तो उद्योग ज्याच्या कक्षेत येतो ते सरकार) आहे, तिथेच तो चालतो. बँका, विमा, रेल्वे, मोठी बंदरं, खाणी या केंद्राच्या कक्षेत येतात, तिथे तो नाही. गोव्यातही नाही, तिथे केंद्रीय संहिता पाहायची. औद्योगिक संबंध संहितेच्या कलम १०४ ने नाव घेऊन रद्द केलेल्या तीन कायद्यांत १९७१ चा हा कायदा नाही. पण मान्यतेबद्दल संहितेचं कलम १४ ही बोलतं, आणि दोघांचे निकष वेगळे आहेत. अर्ज कोणाकडे करायचा हे त्या दिवशीची अधिसूचना पाहून वकिलाकडून ठरवून घ्या. तयारी मात्र पहिल्या दिवसापासून दोन्ही निकष पुरे होतील अशीच करा. ती कशी, ते पुढे येतं.

नोंदणी

सात सभासदांच्या सहीने अर्ज होतो, हे खरं आहे पण अपुरं आहे. त्याच दिवशी आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या किमान १० टक्के किंवा १०० कामगार, यांतला जो आकडा लहान असेल, तेवढे सभासद असावे लागतात. नोंदणीनंतरही ही संख्या टिकवावी लागते आणि ती सातच्या खाली कधीच जाता कामा नये. समजा २४० कामगारांचा कारखाना आहे. १० टक्के म्हणजे २४ सभासद. हाच २४० चा आकडा पुढेही वापरू.

अर्जावर सातच सह्या ठेवणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. अर्जदारांपैकी काहींनी नंतर अंग काढून घेतलं तर केवळ त्या कारणाने अर्ज बाद होत नाही, पण ही सवलत निम्म्यापर्यंतच आहे. सातांपैकी चौघांना एचआरच्या केबिनमध्ये बोलावून माघारपत्रावर सही घेतली की संपलं. म्हणून सह्या १५ ते २० जणांच्या घ्या. त्यांत कायम कामगार जास्त असू द्या, आणि सगळे एकाच खात्यातले नकोत. ट्रेनी किंवा मुदतीच्या करारावरच्या पोरांना पुढे करू नका. त्यांना काढायला कंपनीला निमित्तही लागत नाही, मुदत संपली म्हणाली की झालं.

अर्जासोबत लागतं ते असं: संघटनेचं नाव आणि मुख्य कार्यालयाचा पत्ता, अर्जदारांची नावं, व्यवसाय, पत्ते, पदाधिकाऱ्यांची पदं, नावं, वयं, पत्ते, घटनेची प्रत, घटना स्वीकारल्याचा ठराव आणि प्रतिज्ञापत्र. संघटना वर्षापेक्षा जुनी असेल तर मालमत्ता आणि देण्यांचं विवरणपत्रही. नाव आधीच नोंदलेल्या दुसऱ्या संघटनेशी जुळणारं असेल तर निबंधक बदलायला सांगतो. त्यामुळे नुसतं ‘कामगार एकता युनियन’ न ठेवता त्यात कंपनीचं किंवा भागाचं नाव घाला.

घटनेचा मसुदा दुसऱ्या संघटनेकडून उचलताना चार गोष्टी आहेत का ते पाहाच, कारण १९७१ च्या कायद्याचं कलम १९ त्या मागतं. वर्गणी महिन्याला ५० पैशांपेक्षा कमी नसावी. कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत एकदा तरी व्हावी. कार्यकारिणीचे आणि सर्वसाधारण सभेचे ठराव इतिवृत्ताच्या वहीत नोंदले जावेत. आणि सरकारने नेमलेल्या लेखापरीक्षकाला आर्थिक वर्षातून निदान एकदा हिशोब तपासता यावेत. ५० पैसे हा आकडा आज वाचायला गमतीचा वाटतो, पण वर्गणी ‘ठरवली जाईल तेवढी’ असं मोघम लिहिलेल्या घटनांवर याच कलमाखाली हरकती येतात.

१९२६ च्या कायद्याखाली नोंदलेल्या संघटनांना नव्याने नोंदणी करावी लागत नाही, जुनी नोंदणी संहितेखालची मानली जाते. घटना नव्या तरतुदींशी जुळवून घेण्याचं काम मात्र टाळू नका, आणि वार्षिक विवरणपत्र चुकवू नका. मान्यतेच्या ऐन सुनावणीत ‘यांची नोंदणीच धोक्यात आहे’ असं समोरच्याला म्हणता येणं, ही फुकट दिलेली संधी आहे.

मान्यता : इथे सहा महिने मोजले जातात

१९७१ च्या कायद्याखाली ५० किंवा जास्त कामगारांच्या उपक्रमात मान्यतेचा अर्ज औद्योगिक न्यायालयाकडे जातो. अट अशी की अर्जाच्या महिन्याआधीच्या पूर्ण सहा कॅलेंडर महिन्यांत, सलग, एकूण कामगारांच्या किमान ३० टक्के सभासद हवेत. आपल्या कारखान्यात ७२. जुलैत अर्ज केला तर जानेवारी ते जून, सहाही महिन्यांत ७२ किंवा जास्त. मार्चमध्ये ७० भरले आणि बाकी पाच महिन्यांत ११० असले, तरी अर्ज पडतो. सरासरी इथे चालत नाही.

सभासद म्हणजे कोण, हेही कायदाच सांगतो. आधीच्या सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त महिन्यांची वर्गणी थकलेला माणूस सभासद धरला जात नाही. तो गेटवर किती जोरात घोषणा देतो याचा उपयोग नाही. तपास अधिकारी पावती पुस्तक, सभासद नोंदवही, रोकडवही, बँक पासबुक आणि कंपनीचं मस्टर शेजारी शेजारी ठेवून नावं ताडतो. खोट इथेच सापडते. सहा महिन्यांच्या पावत्या एकाच बैठकीत, एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात लिहिलेल्या असतात. पावतीवर ‘बाळू’ आणि मस्टरवर ‘बाळासाहेब’ असतो. पावत्यांची बेरीज ५,४०० आणि त्या महिन्यात बँकेत भरले १,२००. किंवा पावती क्रमांक ३५१ ची तारीख ३५० च्या आधीची.

त्यावर उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. पगारानंतरच्या चार-पाच दिवसांत वर्गणी गोळा करा. प्रत्येक पावतीवर मस्टरवरचं पूर्ण नाव, टोकन नंबर, खातं आणि कोणत्या महिन्याची वर्गणी ते लिहा. स्थळप्रतीवर सभासदाची सही घ्या. रक्कम त्याच आठवड्यात बँकेत भरा आणि स्लिपच्या मागे पावती क्रमांक कुठून कुठपर्यंत ते टिपून ठेवा. यूपीआयने घेतलं तर आणखी बरं, फक्त ते खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यावर न घेता संघटनेच्या खात्यावर घ्या. कामगाराने लेखी संमती दिली तर वेतन संहिता पगारातून वर्गणी कापायला परवानगी देते. मान्यता मिळेपर्यंत मात्र ही वाट धरू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे, कारण त्यात सभासदांची पूर्ण यादी कंपनीच्या हातात जाते.

आता संहितेचा निकष. एकाहून जास्त नोंदणीकृत संघटना असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के किंवा जास्त कामगारांचा पाठिंबा जिला आहे तीच एकमेव वाटाघाटी करणारी संघटना. २४० मध्ये १२३. कोणालाच ५१ मिळाले नाहीत तर वाटाघाटी परिषद बसते आणि तिच्यात किमान २० टक्के, म्हणजे ४८ कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनांचे प्रतिनिधी येतात. मान्यता तीन वर्षांची, दोन्ही बाजूंच्या संमतीने एकूण पाचपर्यंत. म्हणून तयारी दोन्ही निकषांची: १२३ च्या वर सभासद, आणि त्यांच्या सलग सहा महिन्यांच्या चोख पावत्या. ३० टक्क्यांवर समाधान मानून अर्ज टाकायची घाई करू नका. १९७१ च्या कायद्यातही एका उपक्रमात एकच मान्यताप्राप्त संघटना असते आणि स्पर्धा झाली तर जास्त सभासदवाली जिंकते.

एकूण संख्या किती धरायची यावर खरी लढाई होते. कंपनी मस्टरवर ‘ज्युनिअर ऑफिसर’, ‘ट्रेनी सुपरवायझर’ घालून आकडा फुगवते किंवा सोयीप्रमाणे घटवते. कसोटी हुद्द्याची नसते, कामाची असते. दिवसभर मशीन चालवणारा माणूस ऑफिसर म्हटल्याने कामगार राहायचा थांबत नाही. खरोखर देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी संहितेने महिना १८,००० रुपयांची मर्यादा घातली आहे, त्यावर पगार असेल तर तो कामगार नव्हे. ठेकेदाराची माणसं ठेकेदाराच्या मस्टरवर असतात. त्यांना सभासद जरूर करा, पण मूळ कंपनीतल्या टक्केवारीत ती धरली जातील असं गृहीत धरून आकडे जुळवू नका.

आणखी दोन कारणांनी अर्ज फेटाळला जातो. अर्ज कामगारांच्या हितासाठी नसून मालकाच्या हितासाठी केलाय असं न्यायालयाला दिसलं तर, म्हणजे खिशातली युनियन. आणि अर्जाआधीच्या सहा महिन्यांत संघटनेने बेकायदेशीर संप घडवला किंवा त्याला मदत केली असेल तर. दुसरं कारण कंपन्यांना पाठ असतं. मान्यतेच्या तोंडावर कोणालातरी निलंबित करून लोकांना भडकवायचं, लोक काम थांबवून जागेवर बसले की बेकायदेशीर संपाचं पत्र बनवायचं. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. शिवाय निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संहितेत संपच धरली आहे, तेव्हा ‘सगळे सीएल टाकूया’ ही जुनी युक्ती विसरा.

संघटना बांधतो म्हणून कोणाला धमकावलं, शिक्षा केली किंवा काढलं, तर १९७१ च्या कायद्याच्या अनुसूची २ खाली ती अनुचित प्रथा ठरते आणि तक्रार औद्योगिक न्यायालयात जाते. अनुसूची ४ च्या बाब १ मधली बडतर्फी मात्र कामगार न्यायालयात जाते. मुदत दोन्हीकडे घटनेपासून ९० दिवस. तक्रारीसोबतच अंतरिम आदेशाचा अर्ज द्या. कोणाची दुसरीकडे बदली केली असेल, तर तो हुकूम आधी पाळून मग भांडायचं की आधी स्थगिती मागायची, हे पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरवावं लागतं. एकदा नव्या जागी हजर झालं की स्थगिती मागण्यातली निकड उरत नाही.

मान्यता मिळाली की आवारात वर्गणी गोळा करणं, सूचना फलक लावणं, कामगारांच्या प्रश्नांवर मालकाला भेटणं हे हक्क १९७१ च्या कायद्याच्या कलम २० ने मिळतात. वर्षानुवर्षं बदली (दुसऱ्याच्या जागी घेतलेला), हंगामी किंवा तात्पुरते म्हणून राबवण्याविरुद्धची तक्रार (अनुसूची ४, बाब ६) मान्यताप्राप्त संघटना असेल तिथे तिच्यामार्फतच लढवावी लागते. म्हणजे त्या संघटनेने हातावर हात ठेवले तर तात्पुरत्या कामगाराची वाट अडते. हा या कायद्याचा कच्चा दुवा आहे.

किमान वेतन : दर शोधा, मग फरक काढा

मागणीपत्र लिहिण्याआधी कंपनी, आणि विशेषतः तिचे ठेकेदार, किमान वेतन तरी देतात का ते तपासा. महाराष्ट्रात दर तीन गोष्टींवर ठरतो: उद्योग कोणता, परिमंडळ (दरासाठी केलेला भागांचा गट) कोणतं, आणि कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल. मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. हा सहामाही बदल पगारात घालायचा ‘राहून जातो’. दोन वर्षं राहून गेला की रक्कम मोठी होते.

दुसरी चोरी वर्गवारीत असते. सीएनसी ऑपरेटर कागदावर हेल्पर असतो. त्याच्याकडून मशीन क्रमांक असलेली उत्पादन पत्रकं, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शिफ्ट चार्टचे फोटो जमा करा. तिसरी चोरी ‘सीटीसी’त, म्हणजे कामगारामागे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्यात. मालकाचा पीएफचा हिस्सा, बोनस, ग्रॅच्युइटी हे सगळं मिळवून आकडा किमान वेतनावर नेऊन दाखवतात. यातलं काहीही किमान वेतनात मोडत नाही. चौथी सगळ्यात निर्लज्ज: बँकेत पूर्ण पगार जमा करायचा आणि दोन-तीन हजार रोख परत मागायचे. तिथे एटीएममधून दर महिन्याला त्याच तारखेला, तीच रक्कम, वीस-पंचवीस जणांच्या खात्यांतून निघालेली दिसते. एकट्याचं पासबुक काही सिद्ध करत नाही, पण पंचवीस जणांची शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होतं.

ओव्हरटाइमचा हिशोब उदाहरणाने पाहू, दर सोयीसाठी धरलेला आहे. महिन्याचं किमान वेतन १५,६०० असेल तर २६ ने भागून रोजचे ६००, आठने भागून तासाचे ७५. ओव्हरटाइम दुप्पट, म्हणजे तासाला १५०. ठेकेदार सांगतो, ‘बारा तासांची ड्यूटी, महिना १८,००० हातात.’ ऐकायला किमान वेतनापेक्षा जास्त. पण रोजचे चार तास जादा, २६ दिवसांचे १०४ तास, त्याचे १५,६०० रुपये. देणं एकूण ३१,२००. दिले १८,०००. दर महिन्याला १३,२०० रुपये बुडवले. इतका ओव्हरटाइम तासांच्या कायदेशीर मर्यादेतही बसत नाही, पण ती मर्यादा मालकाने मोडली म्हणून कामगाराचे पैसे बुडत नाहीत.

वेतनाची नवी व्याख्याही समजून घ्या. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता (काम नसलेल्या काळात कामगार टिकवून ठेवण्यासाठी दिलेला) म्हणजे वेतन. घरभाडं, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात परत मिळवला जातो. एकूण २४,००० असून मूळ अधिक महागाई ९,००० आणि बाकी भत्ते १५,००० असतील, तर निम्मा म्हणजे १२,०००. जास्तीचे ३,००० वेतनात येतात आणि वेतन १२,००० धरलं जातं. भत्त्यांची फोड अवाढव्य ठेवून ग्रॅच्युइटी लहान करण्याची जागा यामुळे आकसली आहे. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे महाराष्ट्राच्या १९८३ च्या कायद्याने किमान ५ टक्के घरभाडं भत्ता वेगळा द्यावा लागतो, तो पगारपत्रकात शोधा.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळायला हवा. काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या कामगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाता येत नाही. गणवेश आणि ‘डिपॉझिट’च्या नावाने ठेकेदार करतो त्या कपाती संहितेने दिलेल्या यादीत कुठे बसतात, ते त्यालाच लेखी विचारा.

दावा सरकारने नेमलेल्या राजपत्रित दर्जाच्या प्राधिकाऱ्याकडे करायचा. चौकशी जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात करा. कामगार स्वतः, तो सभासद असलेली नोंदणीकृत संघटना किंवा निरीक्षक, कोणीही अर्ज करू शकतं. एकाच आस्थापनेतल्या कितीही जणांसाठी एकच अर्ज चालतो, त्यामुळे एकट्याला पुढे करू नका. जुन्या किमान वेतन कायद्यात मुदत सहा महिन्यांची होती, वेतन संहितेत तीन वर्षांची आहे. फरकाच्या रकमेवर तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देता येते. ‘पर्यंत’ हा शब्द विसरू नका, दहा पट आपोआप मिळत नाही, मागावी लागते आणि मालकाने जाणूनबुजून बुडवलं हे कागदांवरून दाखवावं लागतं. देय रक्कम दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम ५९ ने मालकावर टाकली आहे. पण कामगार इतकी वर्षं कामावर होता की नव्हता, हा वाद आधी येतो. गेटपास, ईएसआय कार्ड, पीएफचं पासबुक, शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे हजेरीचे संदेश इथे उपयोगी पडतात. आदेश निघूनही पैसे आले नाहीत तर वसुली प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. अर्जात ठेकेदारासोबत मूळ कंपनीलाही प्रतिवादी करा. ठेकेदार एका रात्रीत फर्मचं नाव बदलतो, कारखान्याचं शेड जागेवर असतं.

‘परवडत नाही’ हा बचाव किमान वेतनाला लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकापासून हेच धरलं आहे, आणि १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या निकालात किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेणं म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २३ मधली वेठबिगारी, असं म्हटलं आहे.

रास्त वेतन : मागणीपत्रातला आकडा कुठून आणायचा

किमान वेतनाच्या वर रास्त वेतन आणि त्याहून वर निर्वाह वेतन, ही उतरंड १९४८ च्या रास्त वेतन समितीपासूनची. रास्त वेतनाला मालकाची ऐपत विचारात घेतली जाते. तेव्हा मागणीपत्राला दोन पाय हवेत: गरजेचा हिशोब आणि शेजारच्या कंपन्यांशी तुलना.

गरजेचा हिशोब १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेच्या निकषांवर करा. कुटुंबाची तीन उपभोग एकके (खाण्याच्या गरजेचं माप: मोठा माणूस एक, मूल त्याहून कमी), दर एककाला रोज २,७०० कॅलरी, पूर्ण कुटुंबाला वर्षाला ७२ वार (साधारण ६६ मीटर) कापड, घरभाडं, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या रेप्टाकोस ब्रेट निकालाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के जोडले.

ही टक्केवारी एकूण वेतनाची आहे, आणि निम्मे हिशोब इथेच चुकतात. समजा स्थानिक बाजारभावाने अन्न ११,०००, कापड १,१००, भाडं ४,४००. बेरीज १६,५००. यावर सरळ ४५ टक्के चढवले तर २३,९२५ येतात, आणि ते चूक आहे. अन्न, कापड आणि भाडं मिळून एकूण वेतनाचे उरलेले ५५ टक्के होतात, म्हणून १६,५०० ला ०.५५ ने भागायचं: ३०,०००. त्यातले ६,००० इंधन-किरकोळ आणि ७,५०० शिक्षण-औषधं. चुकीच्या गणितात महिन्याला ६,०७५ रुपये आपणच सोडून देतो. भाव आठवडे बाजारातून आणि किराणा दुकानातून पावतीसह घ्या, एकाच आठवड्यातले.

तुलनेचं तत्त्व प्रदेश आणि उद्योग असं दोन्ही आहे. आपल्यासारखंच उत्पादन, जवळपास तेवढीच कामगारसंख्या, उलाढाल आणि वय असलेल्या त्याच भागातल्या कंपन्यांचे करार मिळवा. सुटे भाग पुरवणाऱ्या १५० जणांच्या व्हेंडर कारखान्यातल्या युनियनने मोठ्या मोटार कंपनीचा करार पुढे केला तर पहिल्याच बैठकीत हसं होतं. तीन-चार जुळणारे करार पुरतात. ऐपतीसाठी कंपनीचे पाच वर्षांचे ताळेबंद पाहा, ते कंपनी निबंधकाकडून फी भरून मिळतात. नफा कमी दिसत असेल तर संचालकांचं मानधन आणि त्याच गटातल्या कंपन्यांना दिलेलं भाडं किंवा रॉयल्टी या ओळी वाचा.

करारात वाढीच्या मोठ्या आकड्याकडे सगळे पाहतात. नजर हवी ती फोडीवर. १२,००० ची वाढ तीन वर्षांत कशी विभागली, मूळ वेतनात किती आणि भत्त्यात किती. महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडलेला आहे की गोठवला. उत्पादनाची अट घातली असेल तर यंत्र बंद, माल नाही, वीज नाही अशा वेळी काय. वाढ कोणत्या तारखेपासून, मधल्या काळात निवृत्त झालेल्यांना फरक मिळणार का. जुना करार संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची तारीख न लिहिता ‘सहीच्या दिवसापासून’ लिहिलं, तर वाटाघाटी लांबवणं हाच कंपनीचा फायदा होतो.

सही शक्यतो समेट अधिकाऱ्यासमोर (वाद मिटवायला सरकारने नेमलेला अधिकारी) करा. दोघांतला खासगी करार सही करणाऱ्यांपुरता राहू शकतो, समेटात झालेला सगळ्यांना लागू होतो. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या, जोडपत्रांसह. पगाराची तक्ता-जोडपत्रं नंतर ‘देतो’ म्हणाले तर त्या दिवशी उठून या. आणि करार मोडला गेला तर अनुसूची ४ च्या बाब ९ खाली तक्रार होते, तीही ९० दिवसांत, म्हणून वाढीव पगाराची पहिली स्लिप हातात आल्यावर जोडपत्राशी रुपया-रुपया ताडून घ्या.